आधी कडी, मग कॅमेरा

मे महिन्यात किंवा दिवाळीच्या सुट्टीत वर्तमानपत्राच्या शहर पानावर एक बातमी हमखास असते. कुटुंब गावी गेलेलं, सदनिका बंद, दाराचा कडी-कोयंडा कटावणीने उचकटलेला, कपाट फोडून दागिने आणि रोकड लंपास. बातमी वाचून धास्तावलेली माणसं त्याच आठवड्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात जातात आणि चार कॅमेऱ्यांचं पॅकेज घेऊन येतात. पण त्याच बातमीच्या शेवटी बहुतेक वेळा लिहिलेलं असतं की चोरटे सीसीटीव्हीत कैद झाले असून पोलीस त्यांचा शोध घेत आहेत. म्हणजे कॅमेरे तिथेही होते. त्यांनी आपलं काम केलं, आणि तरीही मंगळसूत्र गेलं.

कॅमेरा उपयोगाचा आहे, आणि या लेखात त्याला सर्वांत जास्त जागा मिळणार आहे. पण खरेदीचा क्रम चुकला की पैसे जातात आणि घर होतं तितकंच उघडं राहतं. तो क्रम कसा लावायचा, हे पुढे मांडलं आहे.

किती मिनिटं, आणि कोण येणार

घराच्या सुरक्षेत तीन कामं असतात. आत येणाऱ्याला अडवून धरणं, तो येतोय हे कळवणं, आणि कुणीतरी धावून येणं. या तिघांचं गणित मिनिटांत मांडता येतं. शेजारचे काका जागे होऊन, चप्पल घालून, समोरच्या मजल्यावरच्या माणसाला उठवून तुमच्या दाराशी यायला पाच मिनिटं लागणार असतील, तर कळवणारी घंटा वाजल्यापासून पाच मिनिटं चोराला काहीतरी अडवून धरणारं हवं.

यातला एक बारकावा फार थोडे लोक लक्षात घेतात. दार उघडल्यावरच वाजणारी घंटा लावली, तर त्या दाराच्या मजबुतीचा मदत येण्यासाठी काहीच उपयोग झाला नाही. दार तुटायला दहा मिनिटं लागली असतील, पण ती दहा मिनिटं कुणालाच कळलं नाही. घंटा वाजली तेव्हा चोर आणि कपाट यांच्यात काही उरलंच नव्हतं. म्हणून कळवणारी वस्तू शक्य तितकी बाहेर, आणि अडवणारी वस्तू तिच्या आत, असा क्रम हवा. सेफ्टी डोअरला सेन्सर आणि त्याच्या मागे भक्कम मुख्य दार ही रचना त्यामुळेच चांगली.

तिसरा प्रश्न सर्वांत अवघड: येणार कोण? रात्री दोन वाजता फोन थरथरतो, पडद्यावर आपल्याच दारात उभा असलेला अनोळखी माणूस दिसतो, आणि तुम्ही सावंतवाडीला किंवा न्यू जर्सीत आहात. ११२ हा आपत्कालीन क्रमांक तुम्ही जिथून फोन करता तिथल्या राज्याच्या नियंत्रण कक्षाला जोडला जातो. बंगळूरमधून लावला तर तो कर्नाटकात लागेल, आणि परदेशातून लावला तर महाराष्ट्रात लागणारच नाही. त्यामुळे आपल्या हद्दीतल्या पोलीस ठाण्याचा आणि शहराच्या नियंत्रण कक्षाचा थेट दूरध्वनी क्रमांक फोनमध्ये साठवून ठेवा. त्यासोबत दोन शेजारी आणि सोसायटीच्या गेटवरची चौकी. यंत्र निवडण्याआधी हे पाच संपर्क ठरले नसतील, तर कोणतंही महागडं यंत्र फक्त तुम्हाला दुरून घाबरवणार.

दार, चौकट आणि कुलूप

अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ साली मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. त्यानंतर कुलपांचं तंत्र कितीतरी पुढे गेलं, पण आपल्याकडची असंख्य दारं आजही पत्र्याच्या कोयंड्यावर आणि अर्ध्या इंचाच्या चार स्क्रूंवर अवलंबून आहेत. कुलूप तोडण्याची गरजच पडत नाही. कटावणी कोयंड्याखाली घातली की स्क्रू लाकडासकट बाहेर येतात आणि महागाचं कुलूप बंद अवस्थेतच खाली पडतं.

बाहेरून दिसणाऱ्या टाळ्याचा दुसरा तोटा असा की तो घर रिकामं असल्याचं जाहीर करतो. मजल्यावर चार दारं असतील आणि एकालाच बाहेरून टाळा असेल, तर टेहळणी करणाऱ्याला आणखी काही विचारावं लागत नाही. दाराच्या फळीच्या आत बसणारं मॉर्टिस कुलूप, किंवा आतल्या बाजूने बसवलेलं आणि बाहेर फक्त किल्लीचं भोक दाखवणारं कुलूप, हे दोन्ही दोष टाळतं. घर बंद आहे की आत कुणी झोपलंय, हे बाहेरून समजत नाही.

आपल्याकडे सर्रास असलेल्या लॅचबद्दल थोडं थांबून सांगायला हवं. दार नुसतं ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ आपोआप अडकते आणि आपल्याला वाटतं, घर बंद झालं. ती जीभ स्प्रिंगवर असते, म्हणजे ढकलली की मागे जाणारी. किल्ली फिरवून चौकोनी बोल्ट बाहेर काढला तरच दार खऱ्या अर्थाने बंद होतं. नवं कुलूप घेताना विचारा: बोल्ट चौकटीत किती आत जातो? एक इंच असेल तर उत्तम. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तो बोल्ट चौकटीत ज्या पट्टीत शिरतो ती पट्टी. ती छोट्या स्क्रूंनी नुसत्या लाकडाला धरलेली असेल, तर एका जोरदार लाथेत चौकट चिरते. अडीच-तीन इंचांचे स्क्रू चौकट ओलांडून मागच्या भिंतीत गेले पाहिजेत. बिजागऱ्यांनाही तेच लागू. सुताराला तासाभराचं काम, पण त्याची ताकद नव्या कुलपाहून जास्त.

जुन्या वाड्यांच्या दारांना आतून अडसर असायचा, भिंतीतल्या खोबणीत सरकणारा. घरात माणसं असताना त्याच्याइतकं भक्कम काही नाही. आज त्याच तत्त्वावरचे लोखंडी आडवे बार मिळतात. एकट्या राहणाऱ्या वयस्क माणसांनी ते लावावेत, फक्त रात्री आत पडलं-झडलं तर मदतीला येणाऱ्याला दार कसं उघडता येईल, याचाही विचार त्याच वेळी करावा.

बोटाच्या ठशावर उघडणारी स्मार्ट कुलपं सोयीची आहेत, पण घरातल्या प्रत्येकाचं बोट दुकानात लावून पाहिल्याशिवाय घेऊ नयेत. वयामुळे किंवा वर्षानुवर्षांच्या धुण्या-भांड्यांच्या कामामुळे ज्यांचे ठसे झिजलेले असतात, त्यांना यंत्र दारातच अडवतं. साध्या किल्लीची सोय, बॅटरी संपल्यावर बाहेरून तात्पुरती वीज देण्याची जागा, आणि आतून कोणत्याही वेळी नुसता दांडा फिरवून उघडणारं दार, या तिन्ही गोष्टी असतील तरच विचार करा.

खिडकीची जाळी आणि आग

तळमजला, पहिला मजला, आणि गच्चीखालच्या शेवटच्या मजल्याच्या खिडक्या, जिथे वरून उतरता येतं, या तीन ठिकाणी ग्रिल हवीच. पाइपाशेजारची बाथरूमची काचपट्ट्यांची खिडकीही विसरू नये. पट्ट्या एकेक करून शांतपणे काढता येतात.

पण संपूर्ण घर पिंजऱ्यासारखं बंद करणं धोक्याचं आहे. आगीत धुराने दाराची वाट बंद झाली, तर बाल्कनी ही एकमेव सुटका असते, आणि तिथे वेल्ड केलेली जाळी असेल तर अग्निशमन दलाच्या जवानाला आधी ती कापावी लागते. किमान एका खोलीच्या जाळीला आतून उघडणारा झडपेसारखा भाग ठेवा. त्याला कुलूप लावायचं असेल, तर किल्ली त्याच खोलीत, हात लांबवून खिडकीतून पोचणार नाही अशा पण घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेल्या जागी. चोरी परवडते, ही चूक परवडत नाही.

घंटा वाजवणारी यंत्रं

घरासाठी कॅमेरा, पडदा आणि धोक्याची घंटा यांची पहिली एकत्र यंत्रणा एका नर्सने घडवली. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात राहणाऱ्या मारी व्हॅन ब्रिटन ब्राऊन यांनी पती अल्बर्ट यांच्यासोबत १९६६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १९६९ मध्ये ते मिळालं. कामाच्या वेळांमुळे त्या अनेकदा घरी एकट्या असत आणि बोलावल्यावर पोलीस यायला उशीर होई. त्यांच्या रचनेत दारातल्या भोकांवर सरकणारा कॅमेरा होता, आत पडदा, बोलण्याची सोय, दूरवरून दार उघडण्याची कळ आणि मदत मागण्याचं बटण. आजच्या व्हिडिओ डोअर फोनची सारी कल्पना त्यात आहे. मला त्यांची आठवण मुद्दाम करून द्यावीशी वाटते, कारण त्यांनी चोरापेक्षा आधी मदतीला लागणाऱ्या वेळेचा विचार केला.

दुकानात मिळणाऱ्या अलार्मच्या संचात साधारण चार वस्तू असतात: दार-खिडकीला लावायचा चुंबकाचा सेन्सर, खोलीतली हालचाल ओळखणारा सेन्सर, भोंगा, आणि या सगळ्यांचा मेंदू असलेला पॅनेल. चुंबकाचा सेन्सर सर्वांत स्वस्त आणि सर्वांत विश्वासू. दार आणि चौकट यांतलं अंतर वाढलं की तो बोलतो, एवढंच. हालचालीचा सेन्सर शरीराच्या उष्णतेतून येणारी अवरक्त किरणं टिपतो. आपल्या घरांत त्याचा मोठा शत्रू म्हणजे पाल. ती सेन्सरच्या तोंडावरूनच सरकली तर माणूस खोलीतून गेल्यासारखाच इशारा जातो. ऊन थेट पडणारी खिडकी, मांजर, फडफडणारा पडदा, हेही त्याला फसवतात. खोटी घंटा तीन वेळा वाजली की चौथ्यांदा शेजारी कूस बदलून झोपतात, आणि मग यंत्रणा असून नसल्यासारखी. म्हणून पहिले काही आठवडे भोंगा बंद ठेवून फक्त फोनवर इशारे घ्यावेत, सेन्सरची जागा सरकवून पाहावी, आणि खोटे इशारे थांबल्यावरच भोंगा जोडावा.

पॅनेल निवडताना त्यात सिमकार्डची सोय आहे का, हे पाहा. नुसत्या वायफायवर चालणारी यंत्रणा राउटर बंद पडला की मुकी होते. आतली बॅटरी किती तास टिकते, हा दुसरा प्रश्न. भोंगा एक आत आणि एक बाहेर, बाहेरचा हाताला न लागणाऱ्या उंचीवर. शहरांत काही कंपन्या महिन्याच्या शुल्कावर चोवीस तास लक्ष ठेवण्याची सेवा देतात. ती घेताना इशारा मिळाल्यावर त्यांचा माणूस प्रत्यक्ष येतो की फक्त तुम्हाला फोन करतो, हे करारात वाचून घ्या.

कॅमेरा: मेगापिक्सेल नको, मीटर विचारा

दुकानदार मेगापिक्सेल सांगतो. आपण विचारायचं ते अंतर: किती मीटरवरून चेहरा ओळखू येईल?

याचं गणित सोपं आहे. दोन मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आडव्या ओळीत १९२० बिंदू असतात. पाळतीच्या कॅमेऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे अनोळखी माणसाची ओळख पटायला दृश्याच्या दर मीटरमागे २५० बिंदू लागतात, माहितीतला माणूस ओळखायला १२५, आणि तिथे कुणीतरी आहे एवढंच कळायला २५. १९२० ला २५० ने भागलं की साडेसात मीटरच्या थोडं वर येतं. म्हणजे दृश्याची रुंदी त्याहून जास्त झाली की चेहरा हरवत जातो. बहुतेक पॅकेजमध्ये २.८ मिलिमीटरचं भिंग असतं. ते साधारण शंभर अंशांचं रुंद दृश्य पकडतं, त्यामुळे ही मर्यादा कॅमेऱ्यापासून सव्वातीन मीटरवरच येते. तिथून पुढचा माणूस तुम्हाला दिसेल, पण तो कोण हे पोलिसांना सांगता येईलच असं नाही.

चार मेगापिक्सेल घेतला तर? आडवे बिंदू होतात २५६०, आणि अंतर वाढतं फक्त मीटरभराने. त्याउलट दोनच मेगापिक्सेल ठेवून ६ मिलिमीटरचं अरुंद भिंग घेतलं, तर तोच चेहरा साडेसात मीटरपर्यंत स्पष्ट राहतो. मग रुंद दृश्य मिळत नाही, हे खरं. म्हणून शहाणपणाची मांडणी अशी: एक रुंद भिंगाचा कॅमेरा सगळं आवार दाखवायला, आणि एक अरुंद भिंगाचा कॅमेरा फक्त त्या चिंचोळ्या वाटेवर, जिथून प्रत्येकाला जावंच लागतं. फाटक, जिन्याचं वळण, लिफ्टसमोरची जागा. चार सारखेच रुंद कॅमेरे चार कोपऱ्यांत टांगले, तर चारही ठिकाणी टोपी घातलेली एक आकृती फिरताना दिसेल.

उंचीचं भान तितकंच हवं. कॅमेरा चोरीला जाईल या भीतीने तो छताशी लावला जातो आणि मग दिसते फक्त डोक्याची टाळू. चेहऱ्यासाठी अडीच मीटरच्या आसपासची उंची बरी. दाराच्या मागून उजेड येत असेल, उघडा पॅसेज किंवा अंगण असेल, तर समोरचा माणूस काळी सावली होतो. त्यासाठी तीव्र उजेड आणि अंधार एकाच चित्रात सांभाळण्याची सोय लागते. दुकानात तिला डब्ल्यूडीआर म्हणतात. ती खरी की नुसती खोक्यावर लिहिलेली, हे संध्याकाळी दार उघडं ठेवून पडद्यावर पाहिलं की कळतं.

रात्रीचं चित्र अवरक्त दिव्यांवर निघतं. या दिव्यांच्या उबेला आणि आडोशाला कोळी येतो, भिंगासमोर जाळं विणतो, आणि त्या जाळ्यावरून परतणारा उजेड अख्खं चित्र पांढरं करून टाकतो. पावसाळ्यात थेंबांमुळेही तेच. महिन्यातून एकदा लांब काठीला फडकं बांधून कॅमेरे पुसणं हा देखभालीचा निम्मा भाग आहे. बाहेरचा कॅमेरा पाण्यासाठी आयपी ६६ किंवा ६७ दर्जाचा घ्यावा. किनारपट्टीवर त्याहून जास्त त्रास खाऱ्या हवेचा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात किंवा गोव्यात लोखंडी कंस आणि उघडे जोड दोन पावसाळ्यांत गंजतात, तेव्हा वायरचे जोड बंद डबीतच हवेत.

साठवण, वीज आणि डीव्हीआरची जागा

दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या सामान्य वेगाने दिवसाला सुमारे २२ जीबी जागा खातो. चार कॅमेरे म्हणजे ८६ जीबी. एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि नवं चित्रण जुन्यावर चढतं. आता विचार करा: तुम्ही मे महिन्यात तीन आठवडे गावी आहात, चोरी चौथ्या दिवशी झाली, आणि तुम्ही परतलात तेव्हा ते चित्रण पुसलं गेलेलं आहे. चित्रण जास्त दाबून साठवणारं एच.२६५ तंत्र घेतलं तर जागा साधारण निम्मी लागते. हालचाल झाली तरच नोंद, अशी मांडणी केली तर आणखी कमी. तुमच्या घरातली सर्वांत लांब सुट्टी किती दिवसांची, तेवढे दिवस चित्रण टिकलं पाहिजे. पॅकेजमधली डिस्क या हिशोबाने घ्या, आणि ती पाळतीच्या सततच्या वापरासाठी बनवलेलीच असू द्या.

कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर टीव्हीखालच्या कपाटात ठेवायचा ही आपल्याकडची पद्धत. चोर जाताना तोही काखोटीला मारतात, हे बातम्यांत नेहमी येतं. माळ्यावर, पत्र्याच्या कुलूपबंद पेटीत, हवा खेळेल अशा जागी तो ठेवावा. मेमरी कार्डावर चालणाऱ्या छोट्या वायफाय कॅमेऱ्यांची तीच अडचण, पुरावा कॅमेऱ्याच्याच पोटात. असा कॅमेरा भाड्याच्या घरात ठीक आहे, पण महत्त्वाच्या क्षणांची प्रत इंटरनेटवरही जाऊन साठेल अशी सोय सुरू करून घ्या.

वीज गेल्यावर काय चालू राहतं, हे मुख्य स्विच स्वतः बंद करून पाहा. अनेक घरांत इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे असतात, राउटर आणि डीव्हीआर नसतात. इमारतीतली मीटरची खोली उघडी असेल, तर बाहेरचा माणूसही एक खटका पाडून तुमचं घर आंधळं करू शकतो.

घराच्या कॅमेऱ्यातून दुसरं कुणी पाहत तर नाही ना?

२०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक संगणक-प्रणालीने जगभरातले लाखो कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर ताब्यात घेतले. युक्ती साधी होती. कारखान्यातून आलेले साठेक नेहमीचे पासवर्ड तिच्याकडे होते आणि मालकांनी ते कधी बदललेच नव्हते. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला या यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतल्या एका मोठ्या इंटरनेट कंपनीवर हल्ला केला आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास कोलमडल्या. लोकांच्या अंगणातले कॅमेरे त्यांच्या नकळत यात सामील होते.

भारत सरकारने एप्रिल २०२५ पासून सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षेच्या अनिवार्य चाचण्या लागू केल्या आहेत. त्यात यंत्राची उघडी राहिलेली अंगं, आतल्या प्रणालीची शुद्धता, चित्रण गुप्तलिपीत जातं की नाही, असं तपासलं जातं. खरेदी करताना मॉडेलचं नाव या प्रमाणपत्रात आहे का, हे विक्रेत्याला लेखी विचारा. अनोळखी नावाचा कॅमेरा निम्म्या किमतीत मिळत असेल, तर त्याच्या सुधारणा पुढे कोण पाठवणार, हा प्रश्न त्या किमतीत धरलेला नसतो.

एवढं करूनही एक दार उघडं राहतं. यंत्रणा बसवून देणारा तंत्रज्ञ त्याच्या सोयीचा पासवर्ड टाकतो आणि ॲप आपल्या फोनवरही जोडून ठेवतो. तो प्रामाणिक असेलही, पण काम संपल्यावर त्याच्यासमोरच मुख्य पासवर्ड बदलायचा आणि जोडलेल्या फोनची यादी तपासायची, हा रिवाज पाडून घ्यावा.

शेजाऱ्याची खिडकी, घरातली माणसं

कॅमेरा आपल्या दारावर असावा, समोरच्यांच्या दिवाणखान्यात डोकावू नये. जवळपास सगळ्या कॅमेऱ्यांत दृश्याचा नको तो भाग काळा करण्याची सोय असते. ती वापरून शेजाऱ्याला पडद्यावर दाखवलं, तर भांडणाचं कारणच उरत नाही. सोसायटीत पॅसेजसारख्या सामाईक जागेत कॅमेरा लावायचा असेल तर समितीला आधी पत्र द्यावं.

घराच्या आत कॅमेरा लावण्याबद्दल माझं मत कडक आहे: घरातल्या प्रत्येक सज्ञान माणसाच्या होकाराशिवाय लावू नये. २०२५ मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने एकाच घरात राहणाऱ्या भावांच्या वादात, राहत्या भागात दुसऱ्याच्या संमतीविना बसवलेले कॅमेरे त्याच्या खासगीपणाच्या हक्काचा भंग ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप केला नाही. परदेशातली मुलं आई-वडिलांच्या काळजीपोटी हॉलमध्ये कॅमेरा लावतात. काळजी खरी असते, पण ऐंशीच्या घरातल्या आईलाही आपण पाहिले जातोय हे कळतं आणि ती स्वतःच्याच घरात अवघडून बसते. तिला विचारा, बंद करण्याचं बटण तिच्या हाताशी द्या. तिच्यासाठी गळ्यात घालायचं मदतीचं बटण आणि दाराचा सेन्सर बहुधा जास्त उपयोगी ठरतात. घरकामाला येणाऱ्या बाईंनाही कॅमेरा कुठे आहे हे सांगितलं पाहिजे, आणि त्या कपडे बदलतात ती जागा त्याच्या टप्प्यात असता कामा नये. स्त्रीचं असं चोरून चित्रण करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली गुन्हा आहे.

सदनिका, बंगला आणि वाडीतलं घर

सोसायटीतल्या सदनिकेला कमी यंत्रं पुरतात: चांगलं कुलूप, सेफ्टी डोअर, व्हिडिओ डोअर फोन, दाराचा एक सेन्सर. उरलेला पैसा गेटवर खर्च होणं चांगलं. नाव न विचारता सोडणारा रखवालदार असेल तर वरच्या मजल्यांवरची यंत्रं एकटी पडतात. आणि बारा तास उभ्या राहणाऱ्या त्या माणसाला किमान वेतन, बसायला खुर्ची आणि रात्रीच्या फेरीला टॉर्च मिळतो का, हेही समितीने पाहायला हवं. रखवालदार पुरवणाऱ्या संस्थेला २००५ च्या केंद्रीय कायद्याप्रमाणे परवाना लागतो. तो मागून पाहावा.

बंगल्याला कुंपणापासून विचार करावा लागतो. हालचालीवर लागणारे बाहेरचे दिवे स्वस्त आणि गुणकारी. खिडकीला टेकलेली शिडी आणि परसात ठेवलेली पहार आत घ्या. चोर बऱ्याचदा घरमालकाचीच हत्यारं वापरतो.

मुंबईत नोकरी आणि कोकणात गणपती-शिमग्यापुरतं उघडणारं घर, ही तिसरी गोष्ट. तिथे वीज जाते, इंटरनेट जातं, विजांच्या कडकडाटात यंत्रं जळतात. अशा घरात मौल्यवान काही ठेवू नये. सिमकार्डवर चालणारा आणि सौर पॅनेलचा एखादा कॅमेरा चालतो, पण आठवड्यातून एकदा दिवा लावणारी, अंगण झाडणारी वाडीतली ओळखीची व्यक्ती त्याहून मोलाची. पुणे ग्रामीण, नाशिक, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांत ग्रामसुरक्षा यंत्रणा चालते. एका टोल-फ्री क्रमांकावर फोन करून संकट सांगितलं की गावातल्या नोंदणी केलेल्या सगळ्यांना तोच आवाज एकाच वेळी फोनवर ऐकू जातो. चोर असो की बिबट्या, काही मिनिटांत माणसं गोळा होतात. तुमच्या गावात ती सुरू आहे का, हे ग्रामपंचायतीत विचारा आणि आपला नंबर नोंदवा.

दागिने कुठे ठेवायचे

पत्र्याच्या कपाटाचं कुलूप मुलांना दूर ठेवण्यापुरतं असतं. घरात तिजोरी घ्यायची तर ती भिंतीत किंवा जमिनीच्या काँक्रीटमध्ये आतून बोल्टने जखडलेली हवी, नाहीतर दोन माणसं ती उचलूनच नेतात.

बँकेचा लॉकर सुरक्षित, पण त्याचीही मर्यादा ठाऊक असावी. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याचा गैरव्यवहार यांत नुकसान झालं, तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंत. तीन हजार भाडं असेल तर तीन लाख.

घराच्या विम्यातही अशीच एक फट आहे. २०२१ पासूनच्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित पॉलिसीत आग, पूर, भूकंप असे धोके येतात. चोरीचं संरक्षण त्यात आहे ते अशा आपत्तीमुळे आणि तिच्यानंतरच्या सात दिवसांत झालेल्या चोरीपुरतं. एरवीच्या घरफोडीसाठी वेगळं संरक्षण घ्यावं लागतं, आणि दागिन्यांचं मूल्यांकन व फोटो आधीच काढून ठेवावे लागतात.

घरफोडी झालीच तर

आत जाऊ नका, काही आवरू नका, कपाटाला हात लावू नका. ठसे जातात. ११२ ला फोन करा. पंचनामा होईपर्यंत डीव्हीआर सुरू राहिला तर जुन्यावर नवं चित्रण चढत राहतं, म्हणून पोलिसांना विचारून तो बंद ठेवावा. मोबाइलने पडद्याचा व्हिडिओ काढून ग्रुपवर पाठवणं हा पुरावा नव्हे.

न्यायालयात चित्रण टिकतं कसं, याचा महत्त्वाचा निकाल महाराष्ट्रातल्याच खटल्यातून आला. जालना विधानसभेच्या २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेत भरले गेले का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओ चित्रणावरून ठरवायचं होतं. अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रत सादर करायची तर कायद्याने ठरवलेलं प्रमाणपत्र हवंच. मूळ यंत्रच न्यायालयात हजर केलं तर त्याची गरज नाही. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये हा नियम आहे आणि प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत: एक यंत्र ज्याच्या ताब्यात होतं त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने. चित्रणात फेरफार झाला नाही हे दाखवणारी हॅश नावाची अंकाक्षरी खूणही त्यात लिहावी लागते. शक्य असेल तर मूळ हार्ड डिस्कच पोलिसांच्या ताब्यात द्या आणि पंचनाम्यात तिचा अनुक्रमांक आल्याची खात्री करा.

डीव्हीआरचं घड्याळ बहुतेक वेळा पुढे-मागे गेलेलं असतं. डिस्क देण्याआधी त्या घड्याळाची वेळ आणि फोनवरची वेळ एकाच फोटोत घ्या, आणि दोन्हींतला फरक किती मिनिटांचा, हे पंचनाम्यात लिहून घ्या.